आलं तसं टाकलं

बोहारणीची ती बातमी आमच्या भागाच्या बातम्यांच्या साइटवरून मंगळवारी रात्री काढून टाकली. खुलासा नाही, दिलगिरी नाही, 'ही बातमी आम्ही मागे घेत आहोत' अशी एक ओळही नाही. सकाळी लिंक उघडली तर 'पान सापडत नाही'. पोलिसांनी तिला तासाभरात सोडलं होतं, कारण धरून ठेवण्यासारखं काही नव्हतंच. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई, वर्षानुवर्षं याच गल्ल्यांतून हाळी देत जाणारी. आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांत तिच्याकडचे डबे आहेत. बातमी गेली, फोटो मात्र अजून फोनाफोनांतून फिरतो आहे, आणि ती स्वतः त्या दिवसापासून इकडे फिरकलेली नाही.

फोटो तुम्हीही पाहिला असेल. डोक्यावर कपड्यांचं गाठोडं, कमरेवर डब्या-पातेल्यांची पाटी, आणि मोकळा हात तोंडासमोर धरलेला. फोटो काढू नका, असं सांगणारा तो हात आहे. बातमीत त्याखाली लिहिलं होतं, 'चेहरा लपवण्याचा प्रयत्न'. भोवती लाल वर्तुळ, आणि वर मथळा: 'शाळेबाहेर मुलं पळवणारी टोळी सक्रिय?'

मथळ्याच्या शेवटी असं प्रश्नचिन्ह टाकणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. ज्याला माहीत नाही त्याने जाऊन विचारावं. शाळेच्या शिपायाला विचारावं, चौकीतल्या हवालदाराला विचारावं, त्या बाईला विचारावं. वाचकाला काय विचारता? वाचकाने हातातलं काम टाकून टोळी शोधत फिरायचं? कधी कधी तो खरंच फिरतो, आणि मग काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलेलं आहे.

ही साइट चालवणारी माणसं वाईट नाहीत. ती वाईट असती तर मी हे लिहिलं नसतं. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, तेव्हा ग्रामपंचायती गेल्या. पाठोपाठ मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक काही होईना, आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सरपंच नाही, नगरसेवकही नाही. टँकर आला नाही तर फोन कुणाला करायचा, ड्रेनेजचं झाकण कोणत्या कोपऱ्यावर उघडं आहे, गुरुवारी पाणी बंद राहणार की नाही, कोणत्या झाडावर तोडणीची नोटीस चिकटवली आहे, हे त्या काळात आम्हाला या साइटनेच सांगितलं. मोठ्या वर्तमानपत्रांच्या शहर पुरवणीत आमचा भाग येतो तो अपघात झाला तर किंवा फ्लॅटचे भाव वाढले तर. बाकीचे तीनशे दिवस याच लोकांनी आमच्या रस्त्यांची दखल घेतली. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक तरुण, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि फ्लेक्सची डिझाइनं करणारा एक मुलगा. तिघांनाही भाग ओळखतो.

साइटवर मात्र तिघांपैकी कुणाचंच नाव नाही. प्रत्येक बातमीखाली 'टीम' आणि पुढे साइटचं नाव. 'आमच्याविषयी' म्हणून एक पान आहे, त्यावर 'निर्भीड, निष्पक्ष, सडेतोड'. ही विशेषणं कुणाला लावायची? विशेषण लावायला आधी नाव लागतं. नावं छापायची त्यांना लाज आहे म्हणावं तर तसंही नाही. स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा बातमीच्याच रकान्यात येतात, 'जाहिरात' असा शब्द कुठेही नसतो, आणि खाली वीस-पंचवीस शुभेच्छुकांची नावं फोटोंसकट असतात. 2009 च्या निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचा बोभाटा याच महाराष्ट्रात झाला होता. पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्या प्रकारावर अहवालही दिला. मोठ्यांचं ते दुखणं आता गल्लीपर्यंत आलं आहे. पण तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.

बुधवारी त्या तरुणाच्या दुकानात गेलो. म्हणाला, "काका, आम्हाला ग्रुपवर आलं, आलं तसं टाकलं. आमच्या मनात काही नव्हतं."

"अरे, पण तिला विचारलंस का एकदा?"

"तिला कुठे शोधणार, काका?"

ती दर आठवड्याला त्याच्या दुकानावरून जाते.

आलं तसं टाकलं. गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की आता ऐकवत नाही. मुळात ते खरंच नसतं. ग्रुपवर आला होता कुणीतरी मोबाइलवर काढलेला एक फोटो, आणि खाली कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातून फिरत आलेल्या हिंदीतल्या चार ओळी. त्या ओळींचं मराठी यांनी केलं. शाळेचं नाव यांनी घातलं. 'टोळी' यांनी केली, मूळ फोटोत एकटी बाई आहे. लाल वर्तुळ यांनी काढलं. मथळा यांचा, प्रश्नचिन्ह यांचं. आणि दुसऱ्या साइटने फोटो उचलू नये म्हणून कोपऱ्यात आपला लोगो डकवला तोही यांनीच. लोगो डकवताना फोटो आमचा, आणि जाब विचारला की ग्रुपचा! इतके हात ज्याला लागले ते आलं तसं कसं राहिलं? डेअरीवाला 'गवळ्याकडून आलं तसं ओतलं' म्हणाला, तर उद्यापासून आपण त्याच्याकडे दूध घेऊ का?

बरं, क्षणभर धरू की खरंच आलं तसं टाकलं. मग साइट कशाला हवी? ग्रुपवर ते आलेलंच होतं, सगळ्यांनी वाचलेलंच होतं. लोक ग्रुप सोडून साइटवर जातात ते एवढ्याचसाठी, की आलेलं खरं की खोटं हे कुणीतरी पाहून सांगेल. बातमीदाराचं काम ते एवढंच, आणि नेमकं तेच केलं नाही, असं तो तरुण मला त्या वाक्यात सांगत होता. त्याच्या मते तो बचाव होता.

आणि सगळंच काही आलं तसं जात नाही. त्याच आठवड्यात आमच्या एका शेजाऱ्याने नाल्यात राडारोड्याचा भराव पडत असल्याचे फोटो त्यांना पाठवले. डंपरचा नंबर स्वच्छ दिसतो, तारीख दिसते, मागे बांधकामाची पाटीही दिसते. 'खात्री करून टाकतो,' असं उत्तर आलं. ते फोटो अजून आलेले नाहीत. त्या बांधकामाची जाहिरात साइटच्या पहिल्याच पानावर आहे. म्हणजे बातमीची खात्री करायची असते हे या मंडळींना चांगलं ठाऊक आहे. कुणाच्या बाबतीत करायची आणि कुणाच्या बाबतीत नाही, हे त्यांनी ठरवलेलं आहे. जिचा वकील नाही, जिचा मतदारसंघ नाही, जी उद्या दुकानात येऊन आवाज चढवणार नाही, तिच्या बाबतीत आलं तसं.

आलेल्या कागदांवर विश्वास ठेवून फसणं थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. 'केसरी' आणि 'मराठा' नुकतेच सुरू झाले होते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ चालला आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असं दाखवणारी पत्रं टिळक-आगरकरांच्या हाती आली. त्यांच्या आधारे मजकूर छापला गेला, बर्व्यांनी खटला भरला, आणि पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी 1882 च्या जुलैत चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात 101 दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. दोघेही तेव्हा सव्वीस वर्षांचे, आपल्या मोबाइलवाल्या तरुणापेक्षा लहानच असतील. पत्रं दुसऱ्यांनी आणून दिली होती, हे तिथेही खरंच होतं. पण वर्तमानपत्राला संपादक होते, संपादकांना नावं होती, आणि बर्व्यांना न्याय मागायला दार होतं. दिवाणाला जे मिळालं ते बोहारणीला का मिळू नये? 'टीम'ला कोणत्या कोर्टात उभं करायचं?

आता टोळी शोधत फिरणाऱ्यांविषयी. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, सोलापूरकडचे. मुलं पळवणारे आलेत, अशी अफवा त्या भागात मोबाइलवरून आधीच पसरलेली होती. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेस्तोवर मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे धाडायला बंदी घातली. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीलाही तेवढं सुचलं. आमच्या भागाच्या साइटवर मात्र एका बटणासरशी बातमी हजारो घरांत जाते, आणि ती घरं त्या बाईच्या रोजच्या वाटेवरची असतात. पुन्हा पाहा कोण सापडतं ते. बोहारीण, डवरी गोसावी, दारोदार फिरून पोट भरणारी माणसं. टोळीच्या बातमीत फ्लॅटधारकाचा फोटो कधी पाहिलात?

वर्तमानपत्र हाती आलं की मी अजून आधी तळाची ओळ वाचतो. मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, पीआरबी कायद्यानुसार संपादकीय जबाबदारी अमुक यांची. ही सक्ती 1867 च्या कायद्याची. इंग्रजांना छापणाऱ्यांवर नजर ठेवायची होती, म्हणून त्यांनी ती केली. पण तिने वाचकाचंही भलं केलं. दीडशे वर्षं कुणालाही त्या पत्त्यावर जाऊन 'हे खोटं आहे' असं तोंडावर सांगता आलं. 2023 मध्ये नवा कायदा आला, 1 मार्च 2024 पासून लागू झाला, पण तो छापील नियतकालिकांपुरता. साइटसाठी 2021 चे नियम आहेत. तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव-पत्ता द्यावा, 15 दिवसांत निकाल द्यावा, असं त्यांत लिहिलं आहे. त्यातल्या आचारसंहितेच्या आणि देखरेखीच्या भागाला मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. सरकारने बातमीदारांवर देखरेख ठेवावी हे मलाही नको आहे. पण तळाला नाव लिहायला सरकार कशाला लागतं?

नाव दिलं तर जिवाला धोका, असं त्या निवृत्त बाई म्हणाल्या. ही भीती खरी आहे, तिच्यापुढे मी गप्प बसतो. 6 फेब्रुवारी 2023 ला राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. प्रस्तावित रिफायनरीसंबंधीची त्यांची बातमी त्याच दिवशी सकाळी छापून आली होती. खुनाचा गुन्हा दाखल झाला. अशा बातमीला हात घालणाऱ्याने नाव झाकलं तर त्याला बोल लावायचा मला अधिकार नाही. पण बोहारणीच्या बातमीला नाव द्यायला कुणाची भीती होती? नाल्यातल्या भरावाची बातमी टाकली असती आणि 'टीम' लिहिलं असतं, तर मी स्वतः त्यांची बाजू घेतली असती.

पगार मिळत नाही, वेळ नसतो, पोलिसही आधी तसंच म्हणाले होते, हेही सांगून झालं. ते सोडून देऊ.

नाव देऊन हे काम होतं, आणि टिकतंही. बंगळुरूत मीरा के. आणि सुब्रमण्यम व्हिन्सेंट यांनी 2008 मध्ये 'सिटिझन मॅटर्स' सुरू केलं. तळी, कचरा, पाणी, वॉर्डातले प्रश्न हेच त्याचे विषय. लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, आणि मुंबई-चेन्नईच्या बातम्याही आता तिथे वाचायला मिळतात. बुंदेलखंडात 'खबर लहरिया'च्या बायका, त्यांत दलित बायका मोठ्या संख्येने, 2002 पासून गावोगावची बातमी आणतात, आणि कॅमेऱ्यासमोर आपल्या चेहऱ्याने आणि नावाने उभ्या राहतात. त्यांच्यापेक्षा आमच्या उपनगरातल्या मंडळींना धोका जास्त आहे, असं कुणी म्हणत असेल तर म्हणो बापडा.

त्या तिघांकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. साइटच्या तळाला तिघांची नावं आणि दुकानाचा पत्ता. जिथे ती बातमी होती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात खुलासा, प्रश्नचिन्हाशिवाय. आणि तिघांनी जाऊन त्या बाईला शोधणं. चौकीत तिचा पत्ता नोंदलेला आहे. हे ते करतील याची मला खात्री नाही. पुढाऱ्याच्या पुढच्या वाढदिवसापर्यंत सगळं विसरलं जाईल, अशीच भीती जास्त आहे. तरी त्यांच्या पाण्याच्या बातम्या मी वाचत राहणार, कारण त्या दुसरं कुणी देत नाही.

तुमच्या हाती मात्र आजच करण्यासारखं काही आहे. तो फोटो तुमच्या फोनमध्ये असेल तर पुसा. कुठल्या ग्रुपवर पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर स्वतःच्या नावानिशी लिहा: ती बातमी खोटी होती, ती बाई भांडी विकते, आणि ती पुन्हा आपल्या गल्लीत आली तर तिला कुणी हात लावायचा नाही.