गोष्टीचा खर्च कोण उचलतं?

लग्नाकार्यात 'हे लेखक आहेत' अशी माझी ओळख करून दिली की समोरचा गृहस्थ कौतुकाने मान डोलावतो आणि लगेच विचारतो, 'अच्छा! आणि नोकरी कुठे?' पूर्वी या प्रश्नाचा राग यायचा. आता वाटतं, मराठी कथा-कादंबरीच्या इतिहासाची इतकी नेमकी जाण समीक्षकांकडेही क्वचितच सापडेल.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः छापली. तेच हरिभाऊ पुण्यात आनंदाश्रमाचा कारभारही पाहत होते. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर, फडके प्राध्यापक, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे अध्यापक. आपल्या कथात्म गद्याच्या फार मोठ्या भागाचा खर्च शाळा, महाविद्यालयं आणि सरकारी खात्यांनी उचलला आहे आणि त्यांच्या हिशेबवह्यांत त्याची कुठेच नोंद नाही. एक तारखेला पगार होणार हे ठाऊक असलेला माणूसच जीएंसारखी, वाचकाची जराही मनधरणी न करणारी कथा निवांतपणे लिहू शकतो.

म्हणून नोकरीने मराठी लेखकाचा घात केला हे मला पटत नाही. तिने त्याच्या लेखनाला आकार दिला. कथा हा आपला भक्कम प्रकार ठरला, त्यात प्रतिभेइतकाच रजेच्या अर्जाचा वाटा असावा. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला आणि पुढे मराठी लेखकाचं वर्षच त्या वेळापत्रकावर चालू लागलं. पावसाच्या तोंडावर संपादकांचं पत्र, गणपतीच्या आसपास तगादा. दोन-चार रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या यांत कथा होते. कादंबरीला सलग महिने लागतात, आणि ते आणायचे कुठून?

लेखणीवर जगलेले नव्हते असं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. पण मला जास्त अस्वस्थ करतात ते उद्धव शेळके. १९६० साली 'धग'सारखी कादंबरी लिहिलेल्या या माणसाने नंतर चरितार्थासाठी खपाऊ कादंबऱ्यांचा रतीब घातला आणि समीक्षकांनी नाकं मुरडली. 'धग'मधल्या कौतिकची उपासमार लिहिणाऱ्याने आपल्या घरावर तीच पाळी येऊ नये म्हणून लिहिलं, यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? 'धग'नंतर त्यांना पाच वर्षं घरबसल्या पगार देणारं कुणी निघालं असतं, तर बोलण्याचा हक्क तरी राहिला असता.

शेळक्यांची ती वाट आज मालिकांच्या दिशेने जाते. मीही काही काळ संवादलेखन केलं. संध्याकाळी प्रसंगांचा आराखडा यायचा, सकाळी संवाद द्यायचे, दुपारी वाहिनीकडून बदल. पैसे बरे मिळाले, वेळेवरही मिळाले. त्रास निराळाच झाला. मालिकेतली माणसं मनात येईल ते लगेच बोलून टाकतात, कारण बघणारा मधेच भाजी फोडणीला टाकायला उठलेला असतो. ती सवय माझ्या कादंबरीतही शिरली. जी सासू तीन प्रकरणं गप्प राहायला हवी होती, ती पहिल्याच पानावर मन मोकळं करून बसली. तिला पुन्हा गप्प करणं हे मालिका लिहिण्यापेक्षा कष्टाचं काम होतं, आणि त्याचं मानधन कुठलीही वाहिनी देत नाही.

स्वतःच पुस्तक काढलं की लेखक कमी आणि कारकून जास्त, अशी गत होते. आयएसबीएन सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो. पण १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशक म्हणून कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह इतर ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती धाडायच्या. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, मग वितरकाची सवलत. सोळा पानांचा एक फॉर्म हे गणित एकदा डोक्यात बसलं की गोष्टही फॉर्ममध्ये मोजली जाते. एका पात्राच्या आजोबांना मी अकराव्या फॉर्मच्या भीतीने पुस्तकाबाहेर काढलं आहे. (पुस्तक त्यामुळे सुधारलं, हेही खरं.)

पण नोकरी सोडल्यावर खरी चणचण पैशांची भासली नाही, माणसांची भासली. कचेरीत पगाराबरोबर कितीतरी फुकट मिळत होतं: डबा उघडताना निघणारे सासरचे विषय, बदलीच्या यादीवरून झालेले रुसवे, साहेबांसमोर एक आणि जिन्यात दुसरी अशी दोन भाषांत बोलणारी माणसं. त्यांच्यात राहणं मला भाग होतं, म्हणूनच ती मला कळली. आता माझ्याशी बोलतात ते बहुतेक लेखकच, आणि लेखकांचं बोलणं कथेच्या काही कामाचं नसतं. मग मी काम नसताना एसटी स्टँडवर जाऊन बसतो. पण काम नसलेल्या माणसासमोर लोक जपून बोलतात.

घरात तर खिडकीशी बसलेला लेखक रिकामाच समजला जातो. गॅसवाला आला, दार उघड; कुणाला स्टेशनवर सोडायचंय, हा आहेच. कथेतली मुलगी घर सोडून जाईल की उंबऱ्यावरून परत फिरेल, हे ठरायला कधी आठवडा जातो. त्या आठवड्यात कागदावर एक ओळही उमटत नाही. या बसून राहण्याचे पैसे पूर्वी नकळत कचेऱ्या देत होत्या. आता ते वाचकाने द्यायला हवेत.

तो हिशेब असा. ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के मानधन धरलं तर प्रतीमागे ३० रुपये. ५०० प्रतींची आवृत्ती संपली तर १५,००० रुपये, आणि ती संपायला दोन-तीन वर्षं. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं त्याचा हक्क राहतो असं कायदा म्हणतो. पण पुस्तक बाजारात आलं की त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या वाचनप्रेमी गटात फिरू लागते, वर नमस्काराचे हात जोडलेले असतात.

तेव्हा विनंती साधी आहे. हा अंक तुम्ही विकत घेतला असेल, तर यातली कथा आवडलेल्या शेजाऱ्याला अंक वाचायला जरूर द्या, पण तिच्या पानांचे फोटो पाठवू नका. फोनवर फुकट आला असेल, तर अंकाची किंमत संपादकांकडे पोचती करा. आणि संपादकहो, तुम्ही कथालेखकांचं मानधन पाडव्याच्या आत द्या.