न दिसणारे दुखणे



हात मोडला की प्लास्टर दिसते, ताप आला की अंगाला हात लावून कळते. मग शेजारीपाजारी विचारपूस करतात. पण जे दुखणे डोळ्यांना दिसत नाही, ते खरे मानायचे की नाही?

रात्री पायांत होणारी तळमळ हे असेच एक दुखणे. अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार फेऱ्या मारल्या की बरे वाटते. पडले की पुन्हा सुरू. कोणी पाय फडक्याने आवळून बांधतात, कोणी नातवंडांकडून दाबून घेतात. हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेला पायी जाणाऱ्या माणसाला घरी पंधरा मिनिटे स्वस्थ पडता येत नाही, हे पाहून आपण सहज म्हणतो, "मनाचे खेळ आहेत," किंवा "वय झाले, सोसायचे."

परंतु हा आजार खरा आहे. इंग्लंडचे डॉ. थॉमस विलिस यांनी १६७२ साली त्याचे वर्णन लिहून ठेवले. स्वीडनचे डॉ. एकबोम यांनी १९४५ साली त्याला 'अस्वस्थ पाय' अशा अर्थाचे नाव दिले. आजही तो एक्स-रेमध्ये दिसत नाही. डॉक्टर विचारतात: पाय हलवावेसे वाटतात का? बसल्यावर, पडल्यावर त्रास वाढतो का? चालल्यावर कमी होतो का? संध्याकाळनंतर जास्त होतो का? म्हणजे रुग्णाचा शब्द हाच मुख्य पुरावा. डॉक्टर ज्या शब्दावर विश्वास ठेवतात, तो आपण घरात खोटा ठरवावा काय? पाहुण्याने भूक लागली म्हटले, तर आपण पुरावा मागत नाही, ताट वाढतो.

स्वतःचे दुःख धीराने सोसणे हा सद्गुण आहे. पण उपाय असताना दुसऱ्याला "सोस" म्हणणे हा सद्गुण नव्हे, ते दुर्लक्ष होय.

आणि उपाय आहेत. शरीरातील लोह कमी होणे हे या त्रासाचे एक मोठे कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो; म्हणून डॉक्टरांना फेरिटिनच्या तपासणीविषयी विचारावे. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या विकारातही हा त्रास होतो. सर्दीच्या व उलटीच्या काही गोळ्यांनी तो वाढतो. तेव्हा चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. मात्र आपल्या मनाने कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करू नये. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, तर ती चहाबरोबर घेऊ नये.

घरी संध्याकाळनंतर चहा, मिश्री, तंबाखू, दारू टाळून पाहावे. झोपण्यापूर्वी पोटऱ्यांना ताण द्यावा, मालिश करावे, कोमट पाण्याने पाय शेकावेत. एवढ्याने भागले नाही तर या आजारावर औषधेही आहेत.

परंतु पहिला उपचार घरच्यांच्या हाती आहे. मध्यरात्री आपल्या घरात कोणी उठून फेऱ्या मारत असेल, तर "झोप की आता!" असे म्हणण्यापूर्वी "काय होतंय?" असे विचारू या, आणि उत्तर मिळेल ते खरे मानू या.