छायाचित्रांतील अनामिक पितर

मृतांचें स्मरण नांवानें करावें कीं रूपानें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं निरर्थक वाटेल. आमच्या पूर्वजांनीं नांवगोत्र पत्करिलें. श्राद्धांतला उच्चार पिता, पितामह व प्रपितामह यांच्यापलीकडे सहसा जात नाहीं. छायाचित्रानें हा क्रम उलटविला. पिवळ्या पडलेल्या तसबिरींत पागोटीं व नऊवारी लुगडीं दिसतात. परंतु ओळखणारी शेवटची म्हातारी गेली कीं, चेहरा उरतो आणि नांव बुडतें.

या दोन्ही उणिवा मावळांत एकाच ठिकाणीं दिसतात. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील स्तंभांवर दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, त्यांचीं मुखें अज्ञात. दर्शनी भिंतीवर दंपतींचीं मुखें आहेत, त्यांचीं नांवें अज्ञात. तिसरा वर्ग याहूनही मोठा. बोरघाटांतील लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळांत झाला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं वारल्यावर त्याची पत्नी ॲलिस हिनें काम पुढें चालविलें व बांधकामाचीं छायाचित्रेंही घेतलीं. तेथें हजारों मजूर राबले, रोगराईनें व अपघातांनीं कित्येक मेले. त्यांच्या वंशजांच्या पेटींत तसबीर कोठून असणार? जुन्या चित्रांतून कुळाचा शोध घेणें हें मुळांत ज्यांना चित्र काढविणें परवडलें त्यांचेंच भाग्य आहे, हें विसरूं नये.

मग अनामिक तसबिरीचें करावें काय? कोणी ती रद्दींत टाकतो. कोणी तर्कानें तिला एखाद्या पराक्रमी पूर्वजाचें नांव देतो. आमच्या मतें दुसरा अपराध अधिक मोठा. टाकणारा केवळ विसरतो. खोटें नांव देणारा त्या मनुष्याचें स्वत्वच हिरावतो आणि पुढच्या पिढ्यांस फसवितो. मृतास याची जाणीव नाहीं, मग बिघडलें कुठें, असें कोणी विचारील. परंतु सत्याचें ऋण ऐकणाऱ्याच्या जाणिवेवर अवलंबून नसतें. तसें असतें तर अनुपस्थितांची निंदाही निर्दोष ठरती.

ज्यांची मृत्युतिथि ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं आमच्या परंपरेनें सर्वपित्री अमावास्या राखली आहे. अज्ञात तें अज्ञात मानून त्यास मान देणें, हाच तिचा बोध. तसबिरीमागें जेवढें निश्चित तेवढेंच लिहावें, आणि "नांव ठाऊक नाहीं" हेंही निःसंकोच लिहावें. आज खिशांतल्या भ्रमणध्वनींत हजारों चित्रें सांठतात. त्यांतील चारांखालीं तरी नांव, गांव व साल लिहिण्याची तसदी घेतली, तर आपल्या नातवंडांस हा पेंच पडणार नाहीं.