सर्वांना सारखे

बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षे काढलेल्या माणसाला न्याय म्हणजे काय, असे कधी विचारू नये. तो सरळ रांगेकडे बोट दाखवील. आधी येईल तो आधी. मग कारखानदार असो की कांदेवाला. बी.कॉम. झाल्यापासून आमचे पोट याच तत्त्वज्ञानावर चालले आहे. हेड ऑफिसनेही त्याच थाटात परिपत्रक काढले : सर्व कर्मचाऱ्यांना सक्तीचे ऑनलाइन प्रशिक्षण. एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा, एकच वेळ. आता याहून समता ती काय राहिली?

आमच्या शाखेतल्या अण्णांना दिसत नाही. पण त्यांचे काही अडत नाही. संगणक त्यांना पडद्यावरचे सगळे वाचून दाखवतो. एनव्हीडीए नावाचा हा वाचक मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली बनवायला घेतला आणि चक्क फुकट वाटला. (‘फुकट’ हा शब्द बँकेत बसून उच्चारताना जीभ जरा अडखळते.) अण्णांनी हेडफोन चढवला आणि अभ्यासक्रम उघडला. कानात आवाज आला, ‘‘चित्र. चित्र. बटण. चित्र.’’ धड्यातला मजकूर हा मजकूर नव्हताच, छापील कागदांचे फोटो होते! व्हिडिओतले मास्तर सांगत होते, ‘‘ही रक्कम इथून उचलायची आणि इकडे टाकायची.’’ कुठली? कुठून? शेवटी परीक्षा. हिरव्या चौकोनातले विधान तपासा, वेळ तीस सेकंद.

‘‘अहो, हिरवा रंग मला आठवतो,’’ अण्णा म्हणाले, ‘‘पण तीस सेकंदांत नाही.’’

साहेब म्हणाले, ‘‘एका माणसासाठी एवढा खर्च कोण करणार?’’

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही, म्हणूनच तो छळतो. पै-पैचा हिशेब ठेवण्याचाच तर आम्हाला पगार मिळतो. पण हिशेबच करायचा तर पुरता करावा. शाखेतले दिवे कोणासाठी लावतात? अण्णांना ते लागत नाहीत. विजेचे बिल दरमहा आम्हा डोळसांसाठी भरले जाते आणि त्याला कुणी ‘सवलत’ म्हणत नाही!

बरे, मागणी तरी केवढी? चित्रामागे दोन ओळींचे वर्णन, व्हिडिओखाली अक्षरे, वेळ वाढवायची सोय. अशा गोष्टींचे जागतिक नियम १९९९पासून आहेत. आपला दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६चा. बँकवाल्यांचे कान तर खुद्द सर्वोच्च न्यायालयाने उपटले आहेत. ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, त्यांनाही केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करायला सांगत होते. डिजिटल सोयी हाताशी असणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले.

चार महिन्यांच्या पत्रापत्रीनंतर अभ्यासक्रम सुधारला. व्हिडिओखाली अक्षरे आली आणि ती सर्वांत आधी कोणी वाचली असतील? साहेबांनी! त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते, हे शाखेला तेव्हा कळले. मीही लोकलच्या गर्दीत, हेडफोनशिवाय, दोन धडे उरकले.

अण्णा पहिल्या फटक्यात पास झाले. हेड ऑफिसने प्रमाणपत्र तत्परतेने ई-मेलवर पाठवले. अण्णांनी हेडफोन लावला, क्षणभर ऐकले आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

‘‘चित्र आहे. वाचा बरं काय लिहिलंय ते.’’