देवाच्या पाळण्यातला धूर



आजचा श्लोक गीतेच्या १८व्या अध्यायातला ४८वा. भगवंत अर्जुनाला सांगतात, सहज वाट्याला आलेलं काम सदोष असलं तरी सोडू नकोस. आगीसोबत धूर यावा तसा प्रत्येक कामासोबत काही ना काही दोष येतोच.

हा श्लोक मला थोडाफार उमगला तो एका पाळण्यामुळे. जन्माष्टमीला आमचा बाळकृष्ण ज्यात झोपतो, तो पाळणा संखेड्याचा. बडोद्यापासून साधारण ५० किलोमीटरवरचं हे गाव. तिथले खरादी-सुतार पिढ्यान्‌पिढ्या पाळणे, झोपाळे, खुर्च्या बनवतात. सागाचा दांडा लेथवर फिरवत कातायचा, कथलाच्या रंगाने नक्षी काढायची, मग फिरत्या दांड्यावर लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाने लाख वितळून पसरते आणि खालचं चंदेरी कथील सोनेरी दिसायला लागतं. सोन्याचा कणसुद्धा नसतो बरं का त्यात!

आता यातला धूर बघा. सागाचं झाड तोडलं, जे वाढायला कित्येक दशकं लागली. लाख तर किड्यांपासून मिळते, आणि ती काढताना त्यातले असंख्य किडे मरतात. म्हणजे ज्या पाळण्याची दोरी आपण इतक्या प्रेमाने ओढतो, तोही निर्दोष नाही.

मग सुताराने धंदा सोडावा का? अर्जुनालाही आधी तेच वाटलं होतं, त्यापेक्षा भीक मागून जगू म्हणाला. आपल्या परंपरेने सुताराला वेगळी वाट दाखवली. ६व्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड तोडायचा विधी आहे. आदल्या रात्री झाडाची पूजा करायची, त्यावर राहणाऱ्या जीवांना नैवेद्य देऊन सांगायचं, कृपा करून दुसरीकडे राहायला जा, आम्हाला क्षमा करा. कुऱ्हाड सकाळी. झाड तुटतंच, पण तोडणाऱ्याला आपण काय घेतोय हे माहीत असतं.

खरं सांगू? मी या श्लोकाची सोयीस्कर पळवाट केली होती. ऑफिसात एखादी गोष्ट पटली नाही की म्हणायचो, ‘सगळ्याच कामात दोष असतो यार.’ पण भगवंतांच्या दाखल्यात धुराच्या आत आग आहे! भुशाच्या बोर्डाचं कपाट दोन पावसाळ्यांत फुगून कचऱ्यात गेलं, तर लाकूड गेलंच, आणि ऊब कुणालाच मिळाली नाही. सागाचा झोपाळा आजीपासून नातीपर्यंत चालतो, तेव्हा त्या झाडाचं ऋण थोडं तरी फिटतं असं मला वाटतं. पूर्ण फिटतं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

आमच्या पाळण्याचा एक दांडा सध्या सैल झालाय. आई म्हणाली, ‘अरे, ऑनलाइन नवा मागव, दोन दिवसांत येईल.’ मी कार्टमध्ये टाकलाही होता. मग गल्लीतल्या सुतारकाकांना फोन केला. येतायत शनिवारी.

श्रीकृष्णार्पणमस्तु.