नित्य सेवा

आपल्याकडील कांहीं मीमांसकांनीं नित्यकर्मासंबंधीं एक कठोर वाटणारी गोष्ट सांगून ठेवली आहे. तें केल्यानें विशेष असें पुण्य पदरांत पडत नाहीं. न केल्यास मात्र दोष लागतो. लहानपणीं हें प्रथम ऐकलें तेव्हां मला तो निव्वळ तोट्याचा व्यवहार वाटला होता. पुढें मोलोकाई बेटावरील फ्रान्सिस्कन भगिनींची हकीकत वाचनांत आली, आणि त्या जुन्या वचनाचा अर्थ थोडासा उलगडला. थोडासाच म्हणतों, कारण त्या हकीकतीनें दुसरा एक प्रश्न उभा केला, व तो मीमांसकांच्या हातीं सोंपवून मोकळें होतां येत नाहीं.

हवाई बेटांत १८६५ सालीं, राजा पांचवा कामेहामेहा याच्या कारकीर्दींत, कुष्ठरोग्यांना समाजापासून तोडून वेगळें ठेवण्याचा कायदा झाला. मोलोकाई बेटाच्या उत्तरेस समुद्रांत शिरलेली एक चिंचोळी सपाट भूमि आहे. तिच्या तिन्ही बाजूंस खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूस दीडदोन हजार फुटांचा उभा कडा. निसर्गानेंच बांधून ठेवलेला हा तुरुंग पाहून सरकारला भिंतींचा खर्च करावा लागला नाहीं. १८६६ च्या जानेवारींत पहिले रुग्ण तेथें उतरविण्यांत आले, आणि पुढल्या शंभर वर्षांत सुमारें आठ हजार माणसें या ठिकाणीं धाडलीं गेलीं. त्यांतील बहुतेक त्या बेटांचे मूळ रहिवासी होते.

या वसाहतीचें नांव घेतांच जगाला फादर दमिएन आठवतात, आणि तें योग्यच आहे. १८७३ सालीं ते तेथें गेले, रुग्णांत रुग्णांसारखे राहिले, अखेर त्यांनाहि तो रोग जडला व १८८९ च्या एप्रिलमध्यें त्यांतच त्यांचा अंत झाला. अशा जीवनाचा आकार डोळ्यांत भरतो. त्याला आरंभ आहे, चढती कळा आहे आणि हृदय हेलावून सोडणारा शेवट आहे. परंतु ज्या बाईंविषयीं मला लिहावयाचें आहे त्यांच्या जीवनाला असा आकार नाहीं. त्या तेथें तीस वर्षें काम करीत राहिल्या आणि वृद्धापकाळीं वारल्या, इतकेंच.

१८८३ सालीं हवाई सरकारच्या वतीनें कुष्ठरोग्यांच्या शुश्रूषेसाठीं भगिनी मिळाव्या म्हणून पन्नासांहून अधिक धर्मसंघांना विनंति करण्यांत आली. सर्वांनीं नकार दिला. होकार आला तो न्यूयॉर्क संस्थानांतील सिराक्यूज येथील संत फ्रान्सिस यांच्या भगिनीसंघाकडून. संघाच्या प्रमुख मदर मारिॲन कोप जन्मानें जर्मन होत्या. वर्षा-दीड वर्षाच्या असतांना आईबापांबरोबर त्या अमेरिकेस आल्या. वडील आजारी पडल्यावर घर चालविण्यासाठीं त्यांनीं कारखान्यांत काम केलें, आणि चोविसाव्या वर्षीं त्या संघांत आल्या. सहा भगिनींना बरोबर घेऊन त्या १८८३ च्या नोव्हेंबरांत होनोलुलूस पोंचल्या. त्यांची व्यवस्था लावून द्यावयाची व आपण परत फिरावयाचें, असा बेत होता. तो बेत कधींच सिद्धीस गेला नाहीं.

होनोलुलूजवळ काकाआको येथील रुग्णालयांत त्यांना घाण, अन्नाची आबाळ आणि रुग्णांशीं निर्दयपणें वागणारा व्यवस्थापक आढळला. मारिॲनबाईंनीं सरकारला स्पष्ट कळविलें कीं, एक तर हा मनुष्य जावा, नाहीं तर आम्ही जातों. मनुष्य गेला. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतों, कारण त्याचें काम पुढें पडणार आहे.

१८८८ च्या नोव्हेंबरांत दोन भगिनींसह त्या मोलोकाईवर कालाउपापा येथें गेल्या आणि तेथील मुली व स्त्रिया यांच्यासाठीं बांधलेल्या बिशप होमचा कारभार पाहूं लागल्या. कारभार म्हणजे काय? जखमा धुणें, पट्ट्या बांधणें, झाडें लावणें, आणि मुलींसाठीं कपडे शिवणें. तेहि नुसतें अंग झांकण्यापुरते नव्हेत, नटण्याची हौस पुरी होईल असे. ज्यांचीं बोटें झडत आहेत त्यांना नटवावें, ही कल्पना एखाद्या गंभीर नीतिवेत्त्याला सुचली नसती. हात धुण्याविषयीं मात्र बाईंचा कटाक्ष विलक्षण होता, आणि आपल्या भगिनींपैकीं एकीलाहि हा रोग होणार नाहीं असें त्यांचें आश्वासन असे. तें खरें ठरलें. बहुतेक माणसांच्या शरीरांत या रोगाला तोंड देण्याची शक्ति उपजतच असते हें आज आपणांस ठाऊक आहे. तेव्हां यांत साबणाचा वांटा किती आणि निसर्गाचा किती, याचा हिशेब करीत बसण्यांत अर्थ नाहीं. पण गंमत अशी कीं, जगाला रोग जडलेला सेवक अधिक सच्चा वाटतो. हात धुवून तीस वर्षें तेंच काम करणारी स्त्री आपल्या कल्पनेला फारशी हलवीत नाहीं. मला तर वाटतें, जो रुग्णासाठीं मरतो त्याच्यापेक्षां जी उद्यां सकाळीं पुन्हां पट्टी बदलावयास येणार आहे, तिची रुग्णाला अधिक गरज असते. नित्यकर्माला पुण्य कां नाहीं, हें मला येथें समजलें: रोज पट्टी बदलणाऱ्याला पुण्याची बेरीज करीत बसण्यास सवडच नसते.

आतां तो दुसरा प्रश्न. हीं माणसें तेथें स्वेच्छेनें आलीं नव्हतीं. त्यांना धरून आणलें होतें. नवऱ्यापासून बायको, आईपासून मूल तोडलें जात होतें. रुग्णांच्या निरोगी मुलींसाठीं १८८५ सालीं होनोलुलूंत जें कापिओलानी होम निघालें तेंहि याच भगिनींनीं चालविलें. मुलींना तेथें माया मिळाली. पण ती माया आईवेगळ्या केलेल्या मुलींना मिळत होती. १८९३ सालीं काउआई बेटावर कोओलाउ नांवाच्या रुग्णानें, पत्नीला बरोबर येऊं देत नाहींत म्हणून मोलोकाईस जाण्याचें साफ नाकारलें, पकडावयास आलेल्या अधिकाऱ्याला गोळी घातली, आणि बायकोमुलासह कालालाउच्या दरींत तो लपून राहिला. मुलगा गेला, नवरा गेला. दोघांना आपल्या हातांनीं पुरून पिइलानी एकटी दरींतून वर आली. तिनेंहि शुश्रूषाच केली होती, पण कायद्याबाहेर राहून. या दोन सेवा शेजारीं ठेवल्या म्हणजे मन अस्वस्थ होतें. तुरुंगांत फुलझाडें लावणारा कैद्याची सेवा करतो कीं तुरुंगाची?

यावर, भगिनी गेल्या नसत्या तरी कायदा राहिलाच असता, असें एक उत्तर मिळतें. तें खरें आहे. त्या येण्यापूर्वीं बावीस वर्षें वसाहत चाललीच होती, आणि अधिक वाईट चालली होती. परंतु सुव्यवस्थित तुरुंग अधिक काळ टिकतो हेंहि तितकेंच खरें. आपण पाठविलेल्यांची नीट काळजी घेतली जात आहे या समाधानांत सरकारें आणि सुखवस्तु नागरिक शांत झोंपतात. गंधकजन्य नवीं औषधें १९४६ सालीं हवाईत आलीं आणि रोग आटोक्यांत आला. तरी सक्तीचा वेगळेपणा रद्द होण्यास १९६९ साल उजाडावें लागलें. १८६५ च्या राज्यकर्त्यांना अज्ञान व भीति यांचा फायदा देतां येईल. त्या शेवटच्या तेवीस वर्षांना कसला फायदा द्यावयाचा? आपल्या देशांतहि १८९८ सालीं निर्धन कुष्ठरोग्यांना अटकावून ठेवण्याचा कायदा झाला होता, तेव्हां परक्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणांस बेताचाच आहे.

मग मारिॲनबाईंनीं काकाआकोसारखेंच ‘आम्ही जातों’ असें म्हणावयास हवें होतें काय? मला तसें वाटत नाहीं. तें अस्त्र व्यवस्थापकाविरुद्ध चाललें, कारण तो एक माणूस होता आणि त्याला बदलतां येत होतें. कायद्याविरुद्ध तेंच अस्त्र उगारलें तर घाव पडतो तो अंथरुणावर असलेल्या मुलीवर. कायदा मोडण्याचें ऋण कायदा करणाऱ्यांचें आणि तो चालूं देणाऱ्यांचें. तें सेवकाच्या खात्यावर लिहून मोकळें होणें ही आपली नेहमींची चलाखी आहे. सेवेनें अन्याय धुऊन निघत नाहीं, एवढें मात्र सेवेचा गौरव करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. २०१२ सालीं रोमनें मारिॲनबाईंना संतपद दिलें. त्या समारंभाच्या झगमगाटांत कोओलाउची दरी कोणाला आठवली असेल?

मारिॲनबाई ९ ऑगस्ट १९१८ रोजीं ऐंशीव्या वर्षीं कालाउपापा येथेंच वारल्या. त्यांच्या पश्चात् भगिनी तेथें काम करीतच राहिल्या. १९६९ सालीं बंधन उठलें आणि रुग्णांना कोठेंहि जाण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां त्यांतील अनेकांनीं तेथेंच राहणें पसंत केलें. कांहीं जणांना बाहेर कोणी उरलें नव्हतें. कांहींची माणसें त्याच मातींत पुरलेलीं होतीं.