श्रद्धात्यागानंतरची दृष्टी

श्रद्धेचा त्याग ही मुख्यतः बौद्धिक घटना मानली जाते. काही विधाने खरी वाटेनाशी होतात आणि माणूस त्यांच्यापासून दूर होतो. परंतु त्यानंतर एक नैतिक प्रश्न उरतो : जी आपली माणसे त्याच श्रद्धेत राहिली आहेत त्यांच्याकडे आता कसे पाहावयाचे? एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जाण्याचा अनुभव मराठी वाचकाला ‘स्मृतिचित्रे’मुळे परिचित आहे. दुसरा कोणताही धर्म न स्वीकारता ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर जाणाऱ्याचा पेच मात्र वेगळा असतो.

‘जॉर्ज एलियट’ या नावाने लिहिणाऱ्या मेरी ॲन एव्हान्सचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. जानेवारी १८४२ मध्ये तिने वडिलांबरोबर चर्चमध्ये जाण्यास नकार दिला. बापलेकींचे घर मोडण्याची वेळ आली. काही महिन्यांतच ती पुन्हा चर्चमध्ये जाऊ लागली; तेथे बसून काय विचार करावयाचा याचे स्वातंत्र्य तेवढे तिने राखले. ही केवळ तडजोड नव्हती. बंधनमुक्त झालेल्या मनाला प्रारंभी इतरांनाही मुक्त करण्याची घाई असते. पण ज्यांना आपण वरवरची पुटे समजतो ती मते माणसाच्या जिवंत देहाचाच भाग झालेली असतात, अशा आशयाचे विचार तिने १८४३ मधील एका पत्रात मांडले आहेत. धर्मनिष्ठेतील कठोरपणा धर्मत्यागातही टिकून राहू शकतो, हे तिच्या ध्यानी आले होते.

याहून बोलका पुरावा १८५८ मधील तिच्या दैनंदिनीत आहे. तिची काकू मेथॉडिस्ट पंथाची प्रचारिका होती. सुमारे १८३९-४० मध्ये, मेरी ॲन स्वतः कडवी श्रद्धाळू असताना, काका-काकूंच्या बोलण्यात एका दिवंगत धर्मोपदेशकाचा विषय निघाला. दुःखामुळे तो मद्याच्या आहारी गेला होता. तरीही तो स्वर्गातच असेल, असे काकू निःशंकपणे म्हणाली. तरुण पुतणीला ते खटकले. पुढे श्रद्धा सुटल्यावर तेच उद्गार तिला सुंदर वाटले. श्रद्धाळू असताना तिने काकूला सिद्धांताच्या मापाने मोजले होते. श्रद्धेबाहेर आल्यावर तिला काकू दिसली.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. ईश्वराला दिलेले गुण हे वस्तुतः माणसाचेच गुण होत, असे प्रतिपादणाऱ्या फॉयरबाखच्या ग्रंथाचा तिने केलेला इंग्रजी अनुवाद १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. या दृष्टीने मित्राची प्रार्थना म्हणजे मानवी करुणा ठरते. पण मित्राचा दावा असा नसतो. आपले कोणीतरी ऐकत आहे, असे त्याचे म्हणणे असते. ते खरे की खोटे हा प्रश्न टाळून त्याला नुसते ‘सुंदर’ म्हणणे, ही वरिष्ठतेचीच एक सौम्य रीत नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर तिच्या तात्त्विक लेखनापेक्षा ‘ॲडम बीड’ (१८५९) या कादंबरीत शोधावे लागते. बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका मुलीला काकू तुरुंगात भेटली होती व अखेर त्या मुलीने कबुली दिली होती. काकूने सांगितलेली ही हकिकत कादंबरीचे बीज ठरली. तुरुंगाच्या प्रकरणात डायना मॉरिस हेटीजवळ बसून प्रार्थना करते आणि आजवर कोणापुढेही न बोललेली हेटी बोलू लागते. एरवी भाष्य करण्यास उत्सुक असणारा निवेदक या प्रार्थनेचा ‘खरा’ मानवी अर्थ समजावून सांगत नाही. डायना स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या ईश्वराशी बोलते. लेखिका त्या ईश्वराला मानीत नाही; तरी डायनाच्या शब्दांचा ताबाही ती घेत नाही.

श्रद्धाळू मित्राविषयीचा आदर म्हणजे त्याच्याशी सहमती नव्हे, अथवा त्याच्या श्रद्धेचे आपल्या परिभाषेत केलेले भाषांतरही नव्हे. मतभेद कायम ठेवून त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत ऐकून घेणे, एवढाच त्याचा अर्थ होतो. श्रद्धा सोडताना न्यायाधीशाचे आसनही सोडले काय, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक श्रद्धात्याग्याने स्वतःला विचारावयास हवा.